ट्रम्पेट घेण्याआधी दात बघा

जुना ट्रम्पेट घेणार असाल तर पॉलिशला भुलू नका. तिन्ही पिस्टन एकेक करून दाबा. बोट उचललं की ते आपोआप वर आले पाहिजेत. मग पिस्टन न दाबता बाजूची नळी ओढून काढा. ‘फट्’ वाजलं तर ठीक, नाहीतर कुठंतरी हवा गळते. हे मला बाबांनी शिकवलं. त्यांचा जन्म बँडमध्ये गेला. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मी सांगते. आपले समोरचे दात शाबूत आहेत का बघा. ट्रम्पेट ओठांनी वाजतो, पण ओठांना मागून दातांचा टेका लागतो.

बाबांचे दात अर्धापूरकडच्या एका वरातीत गेले. नोट दातात धरून वाजवणाऱ्याच्या तोंडापुढं नाचायची नवरदेवाच्या मित्रांना भारी हौस. त्यातल्या एकानं नाचता नाचता ट्रम्पेटला धडक दिली. पितळ दातांवर आदळलं, ट्रम्पेट खाली पडून पायाखाली चेपला. बाबा रक्त थुंकत बाजूला बसले, तर वरपक्षाचा एकच सवाल, बँड का थांबला? मी याला हौस म्हणत नाही, मारहाण म्हणते. मी जाब विचारायला गेले तर वरपक्षाचे म्हणाले, पोरं खुशीत होती, मुद्दाम कोण करतंय.

कवळी बसली तसे बाबा म्हणाले, चल नांदेडला, बाजा बघू. लग्नसराई जवळ आली होती. बँडवाल्यांनी त्यांची जागा अजून कुणाला दिली नव्हती, पण किती दिवस थांबणार?

दुकानदार जुन्या ओळखीचे. त्यांनी एक ट्रम्पेट काढून आधी स्वतः फुंकून दाखवला. खणखणीत बोलला. बाबांनी पिस्टन बघितले, नळी ओढली, डाग देऊन जोडलेल्या सांध्यांवरून बोट फिरवलं. कुठं खोट नाही. मग ओठांना लावला.

नुसती हवा आली. पुन्हा फुंकला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आत कवळी हलली, सूर काही निघेना. माउथपीस पुसून परत लावला. तेच.

“शेठ, ह्याच्यात हवा गळून राहिली,” बाबा म्हणाले.

दुकानदारांनी माझ्याकडं बघितलं. मी चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरते, समोरच्याला खरं सुनावल्याशिवाय राहत नाही. त्या दुकानात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

“हाव मास्तर, गळतोय जरा,” ते म्हणाले. “नवा माल आला की फोन करतो.”

बाबांनी मान हलवली आणि ट्रम्पेट दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी मोबाइलची रिंग मोठी करून ठेवली. लग्नसराई सरत आली, तरी ती अजून तशीच आहे.