रिझवानचा बॅज

रिझवान खोटं बोलायला लागला की कान खाजवतो. मी हुमा, त्याची बायको. अकरा वर्षं संसार केलाय, एवढं तर कळणारच. एरवी माणूस सरळ आहे, उलट जरा जास्तच सरळ.

आमचं घर कर्जतला आणि त्याची नोकरी खालापूरच्या एका वाहतूक कंपनीत. अणुभट्टीत तयार होणारी औषधं शिशाच्या डब्यांतून घाटावरच्या दवाखान्यांत पोचवायची. त्यात थायरॉइडवरचं आयोडीन असतं. आठ दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून ते तांदळासारखं भरून ठेवता येत नाही. भट्टीतून निघालं की आधी पळवायचं. रिझवानच्या खिशाला एक बॅज असतो. अंगावर किरणं किती पडली ते त्यात उतरतं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. ड्युटी सुटली की बॅज कचेरीतल्या फळीवर ठेवूनच घरी यायचं, असा नियम.

गेल्या वर्षी माझ्या सासूला, हवाबी अम्मीला, तेच आयोडीन द्यायचं ठरलं. तिचा डबाही रिझवाननंच पोचवला, बोला आता. दवाखान्यानं बजावलं की अम्मीच्या अंगातून काही दिवस किरणं निघतील, सगळ्यांनी चार हात लांब राहा. आमच्या पाच वर्षांच्या लेकीला, नमिराला, मी शेलूला माहेरी धाडलं. अम्मीनं तर कहरच केला. लेकाला काही होऊ नये म्हणून तो नुसता दारात दिसला तरी हाकलून लावायची.

पण तिचे पाय भयंकर ठणकायचे. दुपारी जेवली की ती गाढ झोपायची, आणि त्याच सुमाराला रिझवान ड्युटी संपवून धावतपळत घरी यायचा. घाईत बॅज खिशातच. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून तो काढून अम्मीच्या उशाशी असलेल्या त्याच्या नेहमीच्या खिळ्याला लावायचा आणि पायाशी बसून हळूहळू पाय दाबायचा. शर्ट सकाळपर्यंत तिथंच. मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले तर मलाच शपथ घातली. अम्मीला कळलं तर ती जन्मभर धास्ती घेईल, म्हणाला.

अम्मीचे पाय दुखायचे राहिले. शेजारच्या सोनुबाईला ती कौतुकानं सांगायची की गळ्याच्या औषधानं पायही बरे झाले. मी ओढणी तोंडात कोंबून हसायचे.

दोन महिन्यांनी बॅजचा आकडा आला आणि माझं हसू पळालं. आकडा एवढा मोठा, की यानं डबा उघडला असणार असा कचेरीला संशय. त्याला गाडीवरून उतरवलं. मग सुरक्षा अधिकारी हर्षला मॅडम चौकशीला घरीच आल्या. कारण कळलं नाही तर डबा चुकीचा हाताळला असं लिहावं लागेल, मग परत गाडी मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अम्मी खाटेवर बसून ऐकत होती. रिझवाननं कान खाजवला आणि काही माहीत नाही म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. नोकरी घालवतोय हा माणूस, तीही गप्प बसून. शपथ गेली खड्ड्यात.

"मॅडम, हा रोज दुपारी अम्मीचे पाय दाबायचा. आणि शर्ट त्या खिळ्याला असायचा, तिच्या उशाशी."

मॅडमनी दवाखान्याचे कागद मागितले, टेपनं अंतर मोजलं, किती दिवस ते विचारलं, बराच वेळ हिशोब केला. मग हसल्या. आयोडीन साठतं गळ्यात, बॅज गळ्यापाशी आणि हा पायाशी, त्यामुळे बॅजवर पडलं तेवढं त्याच्यावर पडलेलंच नाही, घाबरायचं कारण नाही. बॅज घरी आणल्याबद्दल मात्र त्याला चांगला झापला. आठ दिवस पुन्हा शिकवणी, मग गाडी. माझा जीव भांड्यात पडला.

अम्मी मात्र रिझवानकडं बघतच राहिली.

"म्हंजे पाय औषधानं नाय बरे झाले?"

त्यानं मान खाली घातली. अम्मी रडायला लागली, मग मीही रडले, खोटं कशाला सांगू. मी तुला दारातून हाकलायची आणि तू असा बसायचास रं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मॅडम बिचाऱ्या कागद आवरून उठल्या.

त्या गेल्यावर अम्मीनं डोळे पुसले, खाटेवर नीट टेकून बसली आणि दोन्ही पाय लांब केले.

"दाब आता, मी जागी असताना. आता मी कुनाला बाधत नाय."