क्यूची शेपटी

बंगळुरात कोरमंगलाच्या सिग्नलला थांबलं की ती इंग्रजी अक्षरं हमखास दिसतात. जाड, पुढे झुकलेली, टोकांना कसलीही नक्षी नसलेली. बिर्याणीच्या दुकानावर, जिमच्या पाटीवर, डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पेटीवर. कॉम्प्युटरवर त्या फॉन्टच्या माहितीत माझं नाव आहे. ते खोटं आहे. ती अक्षरं माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची.

आमचा पाट्या रंगवायचा धंदा होता. शिडीवर मी चढायचो. अक्का घरी जमिनीवर तपकिरी कागद पसरून खऱ्या मापाची अक्षरं काढायची आणि त्यांच्या कडेनं सुईनं भोकं पाडायची. मी तो कागद पाटीवर धरून कोळशाची पूड थोपटायचो आणि उमटलेल्या ठिपक्यांच्या आत रंग भरायचो. "धावत्या बसमधनं वाचता आलं पाहिजे," ती म्हणायची. म्हणून ती जाडी, म्हणून तो झुकाव. टायरवाल्यांना, ड्रायव्हिंग स्कूलना, सेलच्या बोर्डांना तेच हवं असायचं. कुणी लग्नाच्या बोर्डासाठी मागितलं की ती हसायची, "लग्नाला एवढी कसली रे घाई?"

फ्लेक्स आले आणि धंदा बसला. काही वर्षांनी एचएसआर लेआउटमध्ये राहणारी, मूळची पुण्याची एक मुलगी आमच्या जुन्या पाट्यांचे फोटो घेऊन घरी आली. तिला त्यांचा फॉन्ट करायचा होता.

"काका, ही अक्षरं कुणी काढली?"

अक्का आत कॉफी करत होती. मी म्हणालो, "मीच."

अक्का बाहेर आली, आमच्यापुढे पेले ठेवले आणि आत गेली.

मुलीला सगळी अक्षरं हवी होती. क्यू आमच्या एकाही पाटीवर आला नव्हता. मी बरेच कागद फाडले, जमेना. शेवटी कागद घेऊन अक्कापुढे बसलो.

"तुझीच अक्षरं ना? काढ की."

मी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"स्वल्प सरक, उजेड अडवतोयस," ती म्हणाली आणि तिनं क्यू काढला. शेपटी आखूड, जाड. "लांब केलीस तर शेजारच्या अक्षराला लाथ बसेल."

मी ती लांब केली. सगळ्यात काहीतरी माझं असावं म्हणून.

अक्काला जाऊन वर्ष झालं. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मला धीर झाला नाही. गेल्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला.

"काका, लोकांना फॉन्ट फार आवडतो. फक्त क्यूची तक्रार येते. शेपटी पुढच्या अक्षराला लागते. आखूड करू का?"

"सरी, कर," मी म्हणालो. ती फोन ठेवणार तेवढ्यात तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. शेपटी काप, माझं नाव काढ, अक्काचं घाल, म्हणालो.

ती म्हणाली, "मावशींना मी फक्त कॉफी छान झालीय म्हटलं होतं, काका."