साडूंचा फर्न

आमचे पुसेगावचे साडू आयुष्यात हळू आवाजात बोलले असतील, तर ते फक्त एका फर्नशी. एरवी त्यांनी ओट्यावरून कुणाला हाक मारली की तिसऱ्या शेतातला बैल मान वर करतो. सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या या माणसाने नांदेडच्या रोपवाटिकेतून ना फूल ना फळ देणारा हा नेचा, म्हणजे फर्न, आणला, तेव्हा गावाला वाटलं, काही औषधी असेल. साडूंनी मात्र अख्ख्या घराची घडी त्याच्याभोवती बसवली. न्हाणीघरात ओलावा असतो म्हणून त्याची जागा तिथे, उत्तरेच्या खिडकीखाली. बोअरच्या खारट पाण्याने पानांची टोकं करपतात, म्हणून त्याला पावसाचं साठवलेलं पाणी, बोअरचं पाहुण्यांना. मी अंघोळीला गेलो की बाहेरून गर्जना येई, "पाव्हणे, फेस उडू देऊ नका! आन् दार लावा, झळ लागती त्याला." एकदा मी प्रेमाने तांब्याभर पाणी ओतलं, तर मातीत बोट खुपसून म्हणाले, "त्याला पाणी न्हाई, ओल पायजे."

दोन वर्षांमागे मे महिन्यात आम्ही सगळे तीन दिवस नरसीला लग्नाला गेलो. घरी राहिल्या सासूबाई. नजर अधू झाल्यापासून त्या थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूंकडेच असतात. बिचाऱ्याला ऊन मिळत नाही, या मायेने त्यांनी कुंडी अंगणात नेऊन ठेवली. आम्ही परतलो तेव्हा फर्नचा पापड झाला होता. आता साडू केवढ्याने ओरडतात, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सासूबाई भिंतीला धरून होत्या.

"जावईबापू, मी जाळलं व्हय तुमचं झाड?"

"न्हाई मामी," साडू म्हणाले, "मूळ जित्तं हाय."

त्यांनी करपलेली पानं बुडापासून कापली आणि रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत रोज ओल राखली. गाव हसलं. सासूबाई रोज एकदा विचारायच्या आणि "अजून न्हाई" ऐकून अर्धी भाकर ताटात ठेवायच्या.

पावसाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा एका सकाळी साडूंनी सासूबाईंना हाताला धरून न्हाणीघरात नेलं. मातीतून एक हिरवी, लवदार गुंडाळी वर आली होती. त्यांनी सासूबाईंचं बोट अलगद तिच्यावर टेकवलं.

"लेकराच्या मुठीवानी हाय वो," त्या म्हणाल्या.

"उघडंल चार रोजात. तुमीच रोज हात लावून पाहा."

मी दारात उभा होतो. मीही त्यांचा जावईच. सणावाराला येतो, वाकून नमस्कार करतो. पण त्यांचा हात असा हातात घेतल्याचं मला आठवत नाही.