दुखण्याचा भाव

माझी आई नाचणगावला राहते आणि पुलगावच्या बाजारात भाजी विकते. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, घरच्या वावरात निघेल ते. मी बोरगाव मेघेत राहते, शाळेत शिकवते, आणि सगळ्यांना सगळं समजावून सांगायची मला खोड आहे. आईचे गुडघे गेले तेव्हा या खोडीला चांगलंच काम मिळालं.

आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी गुडघ्यातली पंडित झाले. "पुरा गुडघा नाई बदलवत, आई," मी म्हटलं. "हाडाच्या टोकावरचा झिजलेला भाग काढतात, त्याच्यावर धातूची टोपी बसवतात, मधात प्लास्टिक."

"म्हंजे जुन्यालेच कल्हई."

तिला एका वाक्यात समजलं होतं आणि माझं व्याख्यान अजून अर्धं बाकी होतं. मला रागच आला.

शेवटी वर्ध्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, एक्स-रे पाहिले आणि विचारलं, "आजी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"नऊ," आई म्हणाली. अगदी बाजारातल्या आवाजात.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. गोळ्या, व्यायाम, शेक, सगळं करून झालं होतं. ते म्हणाले, दोन्ही गुडघे खराब आहेत, ऑपरेशनचा विचार करा, पण घाई नाही, ठरवायचं तुम्हीच. आणि नंतर जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं टाळावं लागेल.

बाहेर आल्यावर आई माझ्यावर उखडली. "त्यानं कमी काऊन नाई केलं?"

"काय कमी?"

"मी नऊ सांगतलं. तो पाच म्हणन, मी सात म्हणीन, सहावर जमन. हा माणूस तं लिहूनच घेते बाप्पा!"

उभ्या जन्मात पहिल्याच भावाला माल उचलणारं गिऱ्हाईक तिला भेटलं नव्हतं. मी बसमध्ये हसले, घरी येऊन हसले, दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून पुन्हा हसले. मग विचारलं, "खरं किती ते तं सांग."

"पाच. लय झालं तं सहा."

सहाला कोणी ऑपरेशन करतं का? नाही, असं तिनंच ठरवून टाकलं. खरी अडचण बसण्याची होती. बाजारात बायका जमिनीवर बसतात, समोर पोतं, पोत्यावर भाजी. मी म्हटलं, खुर्ची टाकू. "खुर्चीवरच्या बाईपाशी कोण थांबते? लोकायले वाटते, बाजारकराची पावती फाडाले बसली. अन् बाजार सुटला तं मी घरी काय करू?" हे म्हणताना ती हसत नव्हती. पण मलाही सुट्ट्या, धावपळ, दवाखान्यातल्या रात्री दिसत होत्या. म्हणून मीही तिचे सहा मुकाट्यानं मान्य केले. दिवाळीनंतर बघू म्हटलं, आणि दिवाळी गेली तरी विषय काढला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका बाजाराच्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. दुपारपर्यंत माझी पाण्याची बाटली संपली, दुसरी आणली. तिला तीनदा विचारलं, तीनदा "तहान नाई." ऊन असं की मेथी माना टाकत होती.

शेजारी मिरच्या विकणारी बाई न राहवून बोललीच. "तुही माय बाजारात पाणीच नाई पेत, बाई. पेलं तं बाथरूमले जा लागते. जाले उठा लागते. एकटीनं उठणं होत नाई, अन् दरवेळी कोणाले हात मागाव?"

"कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"तू तुह्या मिरच्या पाह्य," आई तिच्यावर खेकसली आणि माझ्याकडे न बघता मेथीवर पाणी शिंपडू लागली.

मला माझीच लाज वाटली. दहापैकी गुण देणं हा माझा धंदा. पोरांचा अर्धा गुण कुठे गेला ते मी शोधून काढते. आणि आईनं नऊ सांगितले तेव्हा मी वर्षभर त्याचा विनोद करून वाटत फिरले. रडू आलं ते मी घाम म्हणून पुसलं. संध्याकाळी तिला उठवायला हात दिला, तेव्हा तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला.

घरी मी हट्ट केला नाही, व्याख्यानही दिलं नाही. चार दिवसांनी तीच म्हणाली, "चाल, त्या डॉक्टरकडे. मले इचाराचं हाय." मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. तिनं वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

"मले उठता येईन का?" तिनं डॉक्टरांना विचारलं. "कोणाचा हात न धरता?"

डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के हमी कोणीच देत नाही. काही महिने व्यायाम नेटानं करावा लागेल. पण खुर्चीवरून, पलंगावरून आपलं आपण उठता यावं, त्यासाठीच तर हे करायचं. "फक्त जमिनीवर बसणं मात्र..."

"बसाचं मी पाहीन," आई म्हणाली. "तुमी उठाचं पाहा."