‘बास’ न म्हणता घेतलेलं गाणं

गुऱ्हाळावरची एक बाई उसाचा रस उकळत असलेल्या काहिलीवर नजर ठेवून गाणं म्हणते, कडवं अर्ध्यावर तोडून ओरडते, "आण्णा, बास!" आणि पुन्हा तिथूनच सूर धरते. ना वाद्यं, ना दिवे; कॅमेरा म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन. हा व्हिडिओ मी सारखा बघत होते. मी लग्नांचे व्हिडिओ करते, त्यामुळे कौतुक संपायच्या आत सुधारणा सुचायला लागल्या. कमेंटमधून ओळख काढली, फोन केला आणि निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, शिराळ्याला त्या गुऱ्हाळावर जाऊया.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालो. तुम्ही ही चूक करू नका; खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे जीव मेटाकुटीला येतो. साताऱ्यात मुक्काम, सकाळी कराडला झणझणीत मिसळ आणि पेठनाक्याला हायवे सोडला. पुढे उसाच्या ट्रॉल्या वाट अडवतात, म्हणून वेळ हाताशी ठेवा. टोल-पेट्रोल धरूनही दोघांचा खर्च महाबळेश्वरच्या एका रात्रीपेक्षा कमीच होतो.

व्हिडिओतल्या त्या बाई, सुनंदाताई, आमच्यासाठी नवी साडी नेसून तयार होत्या. त्यांचे सासरे आण्णा, फौजेतून रिटायर झालेले, खाली चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या खड्ड्यात उसाची चिपाडं सारत होते. तिथून काहील दिसत नाही. पाक झाला की सुनेने वरून ‘बास’ म्हणायचं, मग ते जळण बाहेर ओढून जाळ कमी करतात.

"ताई, काहिलीतलं हे आधण उतरू दे, मग करूया का?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नको, आत्ता वाफ काय सुंदर दिसतेय! फक्त कॅमेऱ्याकडे बघा. आणि मध्ये ते ‘बास’ नको, गाणं तुटतं."

त्या लाजून "बरं" म्हणाल्या. गायल्याही छान. मी खूश होते, करपल्याचा वास येईपर्यंत.

आण्णा वर आले. काहिलीत गूळ काळा पडला होता.

"सुनंदा, बास म्हणाया काय झालं हुतं तुला? आख्खं आधण करपिवलंस!"

सुनंदाताईंनी मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. निखिल माझ्याकडे बघत होता आणि मी लेन्स पुसत होते. त्याच दमात आण्णा म्हणाले, "पाव्हण्यास्नी च्या दे." तो चहा मी प्यायले, त्यांनी दिलेली काकवीची बाटलीही घेतली. परतीच्या रस्त्यात निखिलने एकदाच विचारलं, "बोलली का नाहीस?" मी काकवीच्या बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

घरी हेडफोन लावून क्लिप लावली. उजेड उत्तम, आवाज स्वच्छ आणि बघायला अगदी कंटाळवाणी. मध्येच खड्ड्यातून आण्णांची हाक ऐकू आली, "सुनंदा, बास का गं?" सुनंदाताईंची नजर झटकन काहिलीकडे गेली. तेवढाच क्षण जिवंत आहे. आणि लगेच दुसरा आवाज, "चालू द्या, चालू द्या!"

तो माझा होता. जाळाच्या आवाजात आण्णांना तो सुनेचाच वाटला असणार. बोलणी मी खायची होती आणि खाल्ली सुनंदाताईंनी, तीही आमच्यासमोर.

क्लिप न कापता सुनंदाताईंना पाठवली. सोबत लिहिलं, "चूक माझी आहे, आण्णांना ऐकवा." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तो हसतच.

"आवं ताई, आण्णांनी लय येळा ऐकलं. मला म्हणालं, पोरी, चुकलं माझं. आन आता जाळ घालताना खालनं वरडत्यात, ‘चालू द्या म्याडम!’ समदी हसत्यात."

मीही हसले, पण कान तापले होते. माझा व्हिडिओ इथे टाकलेला नाही. मूळचा बघा, ‘बास’पर्यंत थांबा. आणि थंडीत तिकडे गेलात, तर पुण्याहून आलोय असं सांगू नका. तुम्हालाही ‘चालू द्या’ ऐकावं लागेल, आणि ते माझ्यामुळे.