आपटेकाकूंचा पियानो आणि अण्णांची कॉफी

पियानो दुरुस्तीच्या धंद्यात पट्ट्यांखाली धूळ साचावी तसे किस्से साचतात! साफ करायला बसलं की एकेक हाती लागतो. आपटेकाकूंच्या पियानोचा मात्र मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

आमचं दुकान राजाजीनगरात. मालक अण्णा, मूळ बेळगावचे. मी निपाणीची, त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं. पियानो काकूंच्या दिवंगत यजमानांचा. व्हाइटफील्डहून टेम्पोतून आला, उघडला, तर आत उंदरांचा अख्खा संसार! काकू म्हणाल्या, "भाडेकरू ठेवल्याचं हे मला कधी बोलले नाहीत!"

* * *

जुनी तार ताणताना अण्णांचा नियम एकच: कुणी आवाज करायचा नाही. ती कधी तुटेल याचा नेम नसतो. एकदा नेमका एका गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि त्याच क्षणी तार तुटून अण्णांच्या गालाजवळून गेली.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आता बोला सावकाश. तुटायची ती तुटली!"

* * *

शेजारच्या कानडी अक्कांचा कुकर लागला की आमचं ट्यूनिंग बंद.

"अक्का, किती राहिल्या?"

"स्वल्प थांबा अण्णा, अजून दोन!"

त्या दिवशी दोन्ही शिट्ट्या झाल्या. अण्णा थांबलेलेच. मला म्हणाले, "एक राहिली ना अजून?"



* * *

मग लक्षात आलं, वरच्या बारीक तारा अण्णांच्या हातून जरा चढ्याच लागत होत्या. पण सांगायचं कसं? सगळा धंदा त्यांच्या कानावर चाललेला!

ते कोपऱ्यावर कॉफीला गेले की मी ट्यूनिंगची किल्ली घ्यायची, तेवढ्या तारा गुपचूप उतरवायची आणि किल्ली होती तिथे ठेवायची. पूर्वी पाच मिनिटांत परतणारे अण्णा हल्ली अर्धा तास लावायचे, म्हणून निभावलं. तरी रोज भीती वाटायची.

* * *

पियानो न्यायचा दिवस. काकूंनी तीस वर्षं पियानो शिकवलेला, कान भलताच तिखट. अण्णांनी शेवटचा हात फिरवला आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधी काकू दारात हजर! अण्णा अजून कॉफीला गेलेच नव्हते.

काकू स्टुलावर बसल्या. बोटं वरच्या पट्ट्यांकडे निघाली.

"काकू, स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले.

त्यांनी किल्ली रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मी कॉफीला गेल्यावर तू जे करतेस ना, ते आज माझ्यासमोर कर."