न फुटलेलं उचलायचं नाही

धाकटी बहीण बारावीचं वर्ष मध्येच टाकून माझ्या बेळ्ळंदूरच्या खोलीवर आली, त्या दिवशी जो राग चढला तो अजून पुरता उतरलेला नाही. पाठीला दप्तर, हातात आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. आईला वाटत होतं, पोरगी चार दिवस भावाकडं चाललीय. ही दारातच म्हणाली, "दादा, मला तुझ्या कामात यायचंय. कॉलेज सोडलं मी."

माझं काम आतषबाजीचं. लग्नं, कंपन्यांचे समारंभ, मैदानावरचे कार्यक्रम. वाळूच्या पोत्यांत नळ्या उभ्या करायच्या, त्यांत गोळे सोडायचे, वायरी जोडायच्या आणि लांबून बटण दाबायचं. लोक वर बघत टाळ्या वाजवतात. आम्ही खाली बघत असतो, कुठली नळी उडाली नाही ते.

तिनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आतषबाजीत करिअर करायचं तर विद्यार्थ्यानं काय तयारी करावी, हे कोट घातलेला एक माणूस हसत हसत सांगत होता. आवड हवी, धाडस हवं, बाकी सगळं काम करता करता येतं म्हणे. त्याचे हात बघितले मी. एक डाग नव्हता. तो मोबाईल खिडकीतून फेकून द्यावा असं वाटलं.

काम करता करता येतं! मी नववीत शाळा सोडली. कुणी सोडायला लावली नव्हती. गणित यायचं नाही, मास्तरांचा मार सोसायचा नाही, बस्स. सोलापूरकडून जेवणाचं कंत्राट घेणाऱ्यांबरोबर इकडं आलो आणि बसवनगुडीतल्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायला लागलो. तिथंच मागच्या अंगणात अण्णा, माझे पुढचे उस्ताद, आतषबाजीच्या वायरी टाकत होते. मी बघत उभा राहिलो, तर म्हणाले, "बघायचं असेल तर आधी तो नायलॉनचा शर्ट काढ गा. ठिणगी पडली तर कातडीला चिकटतंय ते." आणि पिशवीतला स्वतःचा सुती शर्ट काढून दिला. अण्णा बेळगावकडचे, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे. माझी भाषा समजणारा या शहरात भेटलेला तो पहिला माणूस. त्या शर्टाचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत ती त्यांच्यामुळं.

पण मोठा कार्यक्रम असला की आमची कंपनी बाहेरून रसायनशास्त्र शिकलेला माणूस आणते. लोक किती अंतरावर उभे करायचे, वारा फिरला तर काय, हे तो कागदावर मांडतो, सही करतो. अण्णा आणि मी अंतर मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरतो. अण्णांचे केस पिकले टेप धरून. या कामामुळं मला आतापासूनच कशाचीही धडकी भरते. बाहेर पडताना कुलूप परत परत ओढून बघतो, आईचा फोन वाजला की काही वाईट तर नाही ना, हेच आधी विचारतो. त्यात ही म्हणते, मलाही इथंच यायचंय, तुझ्यासारखं!

एचएसआर लेआउटच्या ऑफिसातल्या मॅनेजरला कुणीतरी सांगितलं, तर त्याचा फोन. "अरे, ले आओ ना उसको! क्रू में लड़की हो तो रील मस्त चलती है. पढ़ाई-वढ़ाई बाद में." मी दात-ओठ खात "हां सर" म्हटलं. नोकरी त्याच्या हातात. त्या "हां सर"चाही राग आहेच.

अण्णा म्हणाले, "आण की तिला. नुसतं आकाश नको दाखवू, सकाळपण दाखव."

कार्यक्रम सर्जापूर रस्त्याच्या पलीकडच्या एका मैदानावर होता. ती लांब, पाहुण्यांत बसली. संपल्यावर धावत आली, डोळे चमकत होते. "अण्णा, लाल-हिरवा कसला भडक होता! मग निळाच का फिका पडला?"

"निळा असाच असतंय."

"पण का?"

अण्णा हसले. "तुझ्या दादानं कधी विचारलं नाही बघ."

उजाडल्यावर आम्ही मैदान विंचरतो. सगळे एका रांगेत, हळूहळू, नजर गवतात. नियम एकच: न फुटलेला गोळा दिसला तर हात वर करून जागीच उभं राहायचं. हात कुणीच लावायचा नाही; पाण्याची बादली घेऊन अण्णा येणार. तिला मी हे नीट बजावून सांगितलं होतं. मान डोलावली होती तिनं.

आणि थोड्या वेळानं बघतो तर ही खाली वाकली. आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सगळी पोरं हेच करतात. न फुटलेले फटाके वेचायचे, सोलून दारू कागदावर काढायची आणि पेटवायची. जो जास्त वेचेल तो राजा. तिच्या हातानं सवयीनं तेच केलं. नारळाएवढा गोळा दोन्ही हातांत धरून ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर हसू, जिंकल्यासारखं.

अण्णा जेवायला वाढताना बोलावं तसं बोलले. "छान. आता टाकायचं नाही. तोंड बाजूला कर. स्वल्प वाक. जसा उचललास तसाच ठेव. सरी, बरोबर. आता हळू माझ्याकडं ये."

ती आली. मग मी तिच्यावर तुटून पडलो. काय काय बोललो आठवत नाही. अख्खं मैदान ऐकत होतं. "हात गेले असते, बये! सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

ती माघार घेईना. "लावू नको एवढंच सांगितलंस! रात्रभर पडून गार झालेला गोळा हातात कसा फुटेल? आत नेमकं काय घडतं? तुला तरी माहितीय का, दादा?"

माहीत नव्हतं. ते मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. मी अण्णांकडं बघितलं.

अण्णा पाण्याची बादली उचलत होते. "मलापण नाही ठाऊक," ते म्हणाले. "मला शिकवणाऱ्यानं सांगितलं, लावू नको. मी लावला नाही. ज्यांचे हात गेले त्यांनापण ठाऊक नव्हतं. तू जा, पोरी. ते शिक. मग ये आणि आम्हाला शिकव."

तेवढ्यात मॅनेजरचा फोन. रील काढली का? मी म्हणालो, "नहीं सर. वो बारहवीं का इम्तिहान देने जा रही है." पुढचं ऐकायच्या आत फोन कापला. पण नोकरी राहिली. कशी, ते अण्णांना माहीत.

संध्याकाळी तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं. दोघंही फुगलेले. गाडी हलली तरी ती खिडकीतून बघेना.

परवा तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "अण्णा आहेत का? स्पीकरवर टाक." मी टाकला.

"अण्णा, निळा रंग तांब्यामुळं येतो. पण ज्योत फार तापली की निळं दाखवणारा तो पदार्थच मोडतो. म्हणून फिका पडतो. सरांना विचारलं मी."

अण्णा हातातली वायर गुंडाळायचे थांबले. "म्हणजे जास्त भडक करायला गेलं की जातंय?"

"हो."

"आणि हे इतकी वर्षं मला कुणी सांगायचं होतं?" अण्णा ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. कुणावर ओरडले, कोण जाणे. वायर आपटून बाहेर निघून गेले.

फोनवर ती घाबरली. "दादा, रागावले का?"

"रागावू दे. गोळ्याचं काय झालं? गार झालेला का फुटतो?"

"ते अजून नाही समजलं."

"मग विचार!" आता मीपण ओरडलो. "पुस्तकात नसेल तर सरांना विचार, सरांना येत नसेल तर पुढच्या कॉलेजात जाऊन विचार. ते समजल्याशिवाय बेळ्ळंदूरला पाऊल टाकायचं नाही."

"ओरडतोस कशाला? प्रॅक्टिकल आहे माझं," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.